वाचकांचे प्रश्न: रंधा न चालणारा दरवाजा

कंपोझिट दरवाजांविषयी या वेळी इतकी पत्रे आली आहेत, की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. बहुतेक पत्रे खेड्यात राहणाऱ्या वाचकांची आहेत. काहींचे नवे घर उभे राहत आहे, काहींना जुन्या घराचे कुजलेले दार बदलायचे आहे, तर काहींचे दार बसवून झाले आहे आणि आता ते कुरकुर करू लागले आहे. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली असून लांबलचक पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा घेतला आहे.

प्रश्न: घराच्या पुढच्या दारासाठी कंपोझिट दरवाजा घ्यायचा आहे. एका ठिकाणी आम्हाला लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे दार दाखवले, दुसरीकडे आत फोम भरलेले फायबरचे, तिसरीकडे वरून फायबर आणि आत लाकूड असलेले. तिघेही आपल्या मालाला कंपोझिट म्हणतात. खरे कोणते आणि घ्यावे कोणते?

उत्तर: तिघेही खरेच बोलत आहेत. कंपोझिट हे एका ठरावीक वस्तूचे नाव नाही. वेगवेगळ्या गुणांचे दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र आणून केलेली रचना, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणून ‘हे कंपोझिट आहे ना?’ असे विचारून आपल्या हाती काही लागत नाही. बाहेरचे कवच कशाचे आहे, आतला गाभा कशाचा आहे आणि चारही कडांना काय लावले आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता अडखळला, तर तिथेच थोडे सावध व्हावे.

लाकडाची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचे दार डब्ल्यूपीसी या नावाने ओळखले जाते. ते पाण्याने फुगत नाही, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, स्क्रू बऱ्यापैकी धरते आणि सुताराला ते लाकडासारखे कापता येते. त्याचे दुखणे उष्णतेत आहे. पीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि भर उन्हात तापलेला गडद पृष्ठभाग त्याच्या फारच जवळ पोहोचतो. न्हाणीघराला आणि आतल्या खोल्यांना हे दार उत्तम. दिवसभर ऊन खाणाऱ्या पुढच्या दारासाठी मी ते सुचवणार नाही.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंना सुमारे २ मिलिमीटर जाडीचे फायबरग्लासचे कवच असते आणि मध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो. एकूण जाडी बहुधा ४४ मिलिमीटर असते. हा फोम उष्णतेला चांगलाच अडवतो. लाकडाची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे सुमारे ०.१३ वॅट धरली, तर या फोमची ०.०२५ च्या आसपास येते, म्हणजे साधारण पाचवा भाग. दार हलके असते आणि बिजागऱ्यांवर भार कमी येतो. मात्र फोममध्ये स्क्रू धरत नाही, त्यामुळे कुलूप, हँडल आणि बिजागऱ्या येतात त्या जागी आत लाकडाचा किंवा तशाच भरीव पदार्थाचा ठोकळा बसवलेला आहे की नाही, हे विचारलेच पाहिजे.

तिसऱ्या प्रकारात कवच तेच, पण गाभा एकमेकांवर चिकटवलेल्या लाकडी थरांचा असतो आणि जाडी बहुधा ४८ मिलिमीटर भरते. हे दार वजनाला ४० किलोच्या पुढे सहज जाते, लावताना भरदार वाटते आणि लाथेला, धक्क्याला जास्त दाद देत नाही. वस्तीपासून दूर असलेल्या घराच्या पुढच्या दारासाठी माझी पसंती यालाच आहे. अट एकच, की दारावर पुरेसा छज्जा असावा. कवचाच्या आतले लाकूड शेवटी लाकूडच असते आणि एकदा पाणी आत शिरले, की बाहेर पडायला त्याला वाट नसते. दारावर पावसाचा सरळ मारा होत असेल आणि छज्जा बांधणे शक्य नसेल, तर फोमचे दार घ्यावे, मात्र त्याच्या कडांच्या पट्ट्या न कुजणाऱ्या असाव्यात.

विक्रेत्याकडे दाराचा कापलेला तुकडा मागावा. रंगीत पुस्तिकेत दाराचा चेहरा दिसतो, तुकड्यात त्याचे पोट दिसते. कवचाची जाडी पट्टीने मोजता येते, फोम कवचाला सर्वत्र चिकटला आहे की मध्ये पोकळ्या आहेत हे दिसते, आणि नखाने कड उचकटून पाहता येते. तुकडा घरी नेऊ दिला, तर त्याची जाडी नोंदवून तो २४ तास बादलीत बुडवून ठेवावा आणि पुन्हा मोजावा. कडेची जाडी डोळ्यांना जाणवेल इतकी वाढली असेल, तर ते दार घेऊ नये. कंपोझिट दरवाजाचा चेहरा सहसा बिघडत नाही. दरवाजा बिघडतो खालच्या कडेला, कुलपासाठी कापलेल्या भोकात, काचेच्या चौकटीभोवती, म्हणजे जिथे जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथे.

प्रश्न: आमचे घर दगडमातीचे असून भिंत दीड हात जाड आहे. दाराची जागा वर एका मापाची, खाली दुसऱ्या मापाची आहे. सुतार म्हणतो, दार थोडे मोठे मागवा, बसवताना तासून घेऊ. हे योग्य आहे का?

उत्तर: सुताराचा सल्ला लाकडी दारासाठी अगदी बरोबर आहे आणि कंपोझिट दारासाठी अगदी चूक आहे. लाकडी दार तासले, तर आत लाकूडच निघते. फायबरग्लासच्या दाराची कड तासली, तर कडेची पट्टी पातळ होते, कवच आणि गाभा यांचा सांधा उघडा पडतो आणि बहुतेक उत्पादकांची हमीही त्याच क्षणी संपते. काही दारांच्या कडेला तीन-चार मिलिमीटर तासण्याची मुभा दिलेली असते, पण ती लेखी असल्याशिवाय गृहीत धरू नये. थोडक्यात, लाकडी दाराच्या बाबतीत जे काम आपण बसवताना करतो, ते या दाराच्या बाबतीत मागवण्यापूर्वी करावे लागते.

त्यासाठी भिंतीतल्या दाराच्या भोकाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजावी आणि दोन्हींतले सर्वांत लहान माप धरावे. त्यातून साधारण १० मिलिमीटर वजा केले, म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर जागा राहते. मग दोन्ही कर्ण मोजावेत. भोक २१०० मिलिमीटर उंच आणि १००० मिलिमीटर रुंद असेल, तर प्रत्येक कर्ण सुमारे २३२६ मिलिमीटर यायला हवा. एक कर्ण २३४५ आणि दुसरा २३०५ आला, तर भोक गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. त्या तिरक्या भोकात जी सरळ चौकट बसेल, तिचेच माप घ्यावे लागेल किंवा गवंडी बोलावून भोक आधी सरळ करावे लागेल. जुन्या भिंतीत हे दुसरे काम टाळू नये, असे माझे मत आहे. दोन दिवसांचे गवंडीकाम वाचवण्यासाठी पुढची वीस वर्षे आपोआप उघडणारे दार सांभाळण्यात शहाणपण नाही.

यानंतर ओळंबा सोडावा. भिंत पुढे किंवा मागे झुकलेली असेल, तर चौकट भिंतीच्या रेषेत न बसवता ओळंब्याच्या रेषेत बसवावी आणि उरलेली पाचर गिलाव्यात भरून काढावी. भिंत जाड असल्याने चौकट तिच्या जाडीत किती आत घ्यायची, हे आपल्या हाती आहे. शक्य तेवढी आत घ्यावी, म्हणजे भिंतच छज्जाचे निम्मे काम करते. उंबऱ्याची पातळी पाणसळीने पाहावी आणि उंबऱ्यापुढच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा.

चौकट भिंतीला जखडताना कोपऱ्यांपासून साधारण १५० मिलिमीटरवर पहिला स्क्रू आणि पुढे दर ६०० मिलिमीटरच्या आत एकेक, असा सर्वमान्य दंडक आहे. पण तो विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीचा विचार करून घातलेला आहे. दगडांमधल्या मातीच्या सांध्यात अँकर, म्हणजे भिंतीत रुतणारा बोल्ट, फिरत राहतो, आवळला असे वाटते आणि महिन्याभरात सैल होतो. अशा भिंतीत चौकटीच्या प्रत्येक बाजूला तीन किंवा चार ठिकाणी माती कोरून काँक्रीटचे ठोकळे भरावेत, ते पुरते घट्ट होऊ द्यावेत आणि मगच त्यांत अँकर ठोकावेत. बिजागऱ्यांच्या मागे चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीत घट्ट पाचरी असल्या पाहिजेत, कारण दाराचा सगळा भार तिथूनच भिंतीत उतरतो. फट बुजवण्यासाठी फवारायचा फोम वापरला जातो. तो फुगतो आणि फुगताना चौकट आत ढकलतो. चौकटीत आडव्या काठ्या ताणून बसवल्याशिवाय तो फवारू देऊ नये आणि एकदम भरपूर न मारता थोडा थोडा मारावा. दार दुपारी छान बसवले आणि सकाळी लागेना, अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा हा फुगलेला फोम असतो.

एक गोष्ट राहून जाते. चुन्याचे किंवा सिमेंटचे ओले शिंतोडे फायबरग्लासच्या कवचावर उडाले, तर ते लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. ओला चुना आणि सिमेंट अल्कधर्मी असतात आणि पॉलिएस्टर रेझिनचा वरचा थर त्यांनी खराब होतो. वाळल्यावर पत्रीने खरवडले, की डाग जातो आणि ओरखडा राहतो.

प्रश्न: मागच्या वर्षी बसवलेले गडद तपकिरी दार सकाळी नीट लागते, पण दुपारनंतर कुलपाची जीभ भोकात जात नाही. संध्याकाळी पुन्हा ठीक होते. बसवणारा म्हणतो बिजागरी ढिली आहे. दोनदा आवळून झाली, फरक नाही. दार पश्चिमेकडे आहे.

उत्तर: आपल्या पत्रातच निदान आहे. बिजागरी ढिली असती, तर दार सकाळीही त्रास देते. हा उन्हाचा परिणाम आहे.

लाकडी दार पाण्याने फुगते, कंपोझिट दार उन्हाने वाढते. पीव्हीसीची चौकट २१०० मिलिमीटर उंच असेल आणि तिचे तापमान ३० अंशांनी चढले, तर ती सुमारे ४ मिलिमीटर लांब होते. तेवढ्याच लांबीचे लाकूड तेवढ्याच उष्णतेने पाव मिलिमीटरच्या आसपास वाढते. फायबरग्लास पीव्हीसीपेक्षा बरेच कमी वाढते, पण त्याची अडचण निराळी आहे. बाहेरचे कवच तापते, मधला फोम ती उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून आतले कवच थंड राहते. बाहेरची बाजू लांब आणि आतली आखूड झाली, की दार बाहेरच्या बाजूला पोट काढते, म्हणजे मधोमध बाहेर येते आणि वरखालचे कोपरे तुलनेने आत जातात. काही मिलिमीटरचा हा बाक कुलपाची जीभ चुकवायला पुरेसा असतो. ज्या फोमने घर थंड ठेवायचे, त्याच्यामुळेच दार वाकते, हा या रचनेचा स्वभावच आहे.

खात्री करून घ्यायची असेल, तर दाराच्या बाहेरच्या अंगाला वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही टोकांना एकाच जाडीच्या चकत्या ठेवून, दोरा ताणून धरावा. सकाळी सातला आणि दुपारी चारला मधोमध दोरा आणि दार यांतले अंतर मोजावे. दुपारी ते कमी झाले, तर दार वाकत आहे, बिजागरी निर्दोष आहे. दार पुन्हा पुन्हा आवळून घेऊ नये. सकाळच्या आकाराप्रमाणे केलेली जुळणी दुपारी चुकते आणि दुपारच्या आकाराप्रमाणे केलेली सकाळी.

उपाय क्रमाने सांगतो. दारावर सावली आणणे हा पहिला आणि सर्वांत चांगला उपाय आहे. छज्जा, पडवी, वेलीचा मांडव, काहीही चालेल. दुसरा उपाय रंगाचा. फायबरग्लासचे दार रंगवता येते: ते साबणाने धुऊन, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासून, पुसून, बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक रंग फिक्या छटेत दोन हात द्यावा. अनेक उत्पादक गडद रंगावर हमीची मर्यादा घालतात, ती कागदपत्रे आधी पाहावीत. तिसरा उपाय कुलपाच्या भोकाच्या पट्टीचा आहे. चौकटीवरची ती पट्टी बहुधा दोन-तीन मिलिमीटर सरकवता येते, आणि सकाळ-दुपारच्या मधली जागा साधून ती बसवली, तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

आपले कुलूप वर, मध्ये आणि खाली अडकणारे मल्टिपॉइंट असेल, तर दार ओढून घेतल्यावर हँडल वर उचलून मगच किल्ली फिरवावी. नुसत्या मधल्या जिभेवर दार दिवसभर लावून ठेवले, तर वरखालचे कोपरे मोकळे राहतात आणि बाक वाढतो. हँडल जोर लावून उचलावे लागत असेल, तर जोर लावू नये. आतली यंत्रणा अशीच तुटते आणि खेड्यात ती बदलून मिळेपर्यंत दाराला आतून काठी लावून बसावे लागते.

एक सूचना न विचारता देतो. गडद कंपोझिट दारापुढे धूळ अडवण्यासाठी काचेचे दुसरे दार बसवण्याचा मोह अनेकांना होतो. दोन्हींमध्ये हवा कोंडते आणि ऊन काचेतून आत येऊन तिथेच अडकते. त्या कोंडलेल्या उष्णतेने आतले दार वाकते. जाळीचे दार लावावे. त्यातून वारा खेळतो.

प्रश्न: कंपोझिट दाराला वाळवी लागत नाही, असे सांगून दार विकले गेले. चौकटीच्या पायथ्याशी मात्र मातीच्या नळ्या दिसू लागल्या आहेत. आमची फसवणूक झाली का?

उत्तर: अर्धी झाली. फायबरग्लास, पीव्हीसी आणि फोम यांत वाळवीला खाण्यासारखे काही नाही, हे खरे आहे. पण लाकडी गाभा, कुलपाजवळचा लाकडी ठोकळा आणि लाकडी चौकट हे सर्व ती खाते, आणि तिथे पोहोचण्यासाठी फोममधून बोगदा काढायलाही मागेपुढे पाहत नाही. आपण चौकट कशाची आहे ते लिहिलेले नाही. नळ्या दिसल्या एवढ्यावरून ती लाकडीच आहे असे म्हणता येत नाही. नळ्या फक्त पुसून काढू नयेत. एक मोडून ठेवावी आणि दोन दिवसांनी पाहावी. ती पुन्हा बांधली गेली असेल, तर वाळवी जिवंत आहे आणि जमिनीतच औषधोपचार करावा लागेल, तो जाणत्या माणसाकडून करून घ्यावा. चौकटीचा पाय मातीला टेकलेला असेल, तर तो कापून खाली दगडाचा किंवा काँक्रीटचा तुकडा द्यावा.

याच पत्रात उंदरांचाही उल्लेख आहे. धान्य साठवणाऱ्या घरात उंदीर दाराची खालची रबरी पट्टी कुरतडतात आणि तिथून फोमपर्यंत पोहोचतात. दाराच्या खालच्या कडेला आतून-बाहेरून स्टेनलेस स्टीलची दीडशे-दोनशे मिलिमीटर उंचीची पट्टी चिकटवावी. ती स्क्रूने बसवायचीच असेल, तर प्रत्येक भोकात आधी सिलिकॉन भरावे. हीच पट्टी कुत्र्याच्या नखांपासून आणि चिखलाच्या बुटांपासूनही दार वाचवते.

प्रश्न: आमचे घर कच्च्या रस्त्यालगत आहे, दार रोज धुळीने माखते. कुलूपही जड झाले आहे. त्यात खोबरेल तेल सोडले, तर आठ दिवस बरे चालले आणि नंतर आधीपेक्षा जड झाले. दाराची निगा कशी राखावी?

उत्तर: तेलाने असेच होते. तेल धूळ धरून ठेवते आणि कुलपाच्या आतल्या बारीक पिनांभोवती तिची लापशी तयार होते. खोबरेल तेल तर थंडीत गोठते. किल्लीच्या भोकात तेल कधीच घालू नये. तिथे ग्रॅफाइटची पूड वापरावी. ती हाताशी नसेल, तर मऊ शिसपेन्सिलीने किल्लीचे दाते दोन्ही बाजूंनी काळे करून किल्ली आठ-दहा वेळा आतबाहेर करावी. पेन्सिलीत ग्रॅफाइटच असते. आपल्या कुलपात आधीच तेल गेले आहे, म्हणून पूड घालण्यापूर्वी कुलपासाठीचा कोरडा क्लीनर फवारून, किल्ली घालून काढून, दर वेळी ती फडक्याला पुसावी. फडक्यावर काळे येणे थांबले, म्हणजे कुलूप साफ झाले.

बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. मात्र बिजागरीच्या आत नायलॉनची बाही असेल, तर तिला तेल लावू नये, ती कोरडीच चालते. दार खाली उतरले असेल, तर अशा बहुतेक बिजागऱ्या ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या चावीने, वर, बाजूला आणि चौकटीकडे सरकवता येतात. एका वेळी पाव फेरा, मग दार लावून पाहणे, अशा बेताने जावे.

धुळीचे दार कोरड्या फडक्याने पुसणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि आपण दार पुसत नसून त्याला पॉलिश पेपर मारत असतो. आधी तांब्याने वरून पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, मग कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य साबण घालून मऊ फडक्याने वरून खाली पुसावे आणि स्वच्छ पाणी सोडावे. थिनर, ॲसिटोन, भांडी घासण्याची पावडर आणि काथ्या दारापासून दूर ठेवावेत. ट्रॅक्टर धुण्याचा जोराच्या फवाऱ्याचा पंप दारावर मारू नये. जे सांधे पावसाला दाद देत नाहीत, ते त्या फवाऱ्याला देतात. कवच काही वर्षांनी पांढुरके दिसू लागले आणि बोटाला भुकटी लागू लागली, तर तो उन्हाने झिजलेला वरचा थर असतो. गाडीचे पॉलिश आणि त्यावर मेणाचा हात दिल्यास दार पुन्हा तकतकीत होते, आणि मेण वर्षातून एकदा दिले तर ही वेळच उशिरा येते.

चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीला काही जण व्हॅसलिन किंवा ग्रीस लावतात. ती पट्टी बहुधा ईपीडीएम रबराची असते आणि खनिज तेलाने ते रबर फुगते. तिला सिलिकॉनचा स्प्रे चालतो. पट्टी सैल झाली का ते पाहण्यासाठी कागदाचा चिठोरा चौकटीत धरून दार लावावे आणि तो ओढावा. अलगद निघून आला, तर तिथून वारा आणि धूळ आत येत असणार. उंबऱ्याच्या पुढच्या बाजूला पाणी जाण्यासाठी बारीक खाचा असतात, त्या चिखलाने बुजतात. झाडूची एक काडी घेऊन महिन्यातून एकदा त्या मोकळ्या कराव्यात. पाऊस सुरू होण्यापूर्वी तर हे नक्कीच करावे, कारण खाच बुजली, की पाणी उंबऱ्यातून आतल्या बाजूला फिरते आणि लोक दारालाच दोष देतात.

प्रश्न: नवे दार महिनाभरापूर्वी बसले. घराचे रंगकाम व्हायचे असल्याने दारावरची प्लॅस्टिकची फिल्म तशीच ठेवली आहे. चालेल ना?

उत्तर: चालणार नाही, आजच काढावी. मीही माझ्या मागच्या दारावरची फिल्म ‘रंगकाम होऊ दे’ म्हणून ठेवली होती. रंगकाम लांबले, ऊन मात्र वेळेवर आले. फिल्म भाजून कवचाला अशी चिकटली, की शेवटी नखाएवढे तुकडे निघू लागले आणि कोमट साबणपाण्याची फडकी लावून, कडा भिजवून ती सोलायला दोन दुपारी गेल्या. रंगकामाच्या दिवशी जुनी चादर टांगावी.

प्रश्न: स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशेजारीच चूल आहे. तिथे कंपोझिट दार चालेल का? आणि उरलेले तुकडे चुलीत घातले तर?

उत्तर: चुलीपासून हातभर अंतरावर फायबरग्लासचे किंवा डब्ल्यूपीसीचे दार बसवू नये, तिथे भरीव लाकडाचे किंवा लोखंडी पत्र्याचेच दार हवे. तुकडे जाळणे तर सर्वस्वी टाळावे. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो आणि पॉलियुरेथेन फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असू शकतो.

प्रश्न: आमच्या वाड्याचे पुढचे दार आजोबांच्या वेळचे भरीव लाकडी आहे. पावसात फुगते आणि खालून हवा येते. मुले म्हणतात काढून कंपोझिट बसवा. आपले मत काय?

उत्तर: दाराचे लाकूड ठणठणीत असेल, तर काढू नये. टोचणी किंवा जाड सुई घेऊन खालच्या एक वीत भागात, विशेषतः सांध्यांत आणि खालच्या कडेला टोचून पाहावे. सुई दोन मिलिमीटरवर अडली, तर लाकूड चांगले आहे; लोण्यात जावी तशी गेली, तर तेवढा भाग कुजला आहे, आणि कुजलेला खालचा भाग कापून नवा तुकडा जोडणे कोणत्याही बऱ्या सुताराला जमते. दार फुगते याचे मुख्य कारण बहुधा हे असते, की त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला कधी रंगच लागलेला नसतो. समोरची दोन्ही अंगे वर्षानुवर्षे रंगवली जातात आणि लाकूड पाणी पिते ते आडव्या कापलेल्या टोकांतून. कोरड्या दिवसांत दार बिजागऱ्यांवरून उतरवावे, थोडे तासावे, या दोन्ही कडांना तेलरंगाचे तीन हात द्यावेत आणि खाली ब्रशची पट्टी लावावी. हवा थांबेल.

मुलांना कंपोझिट दार हवेच असेल, तर ते मागच्या अंगणाकडच्या दाराला बसवावे, जिथे पाणी, शेण, चिखल आणि धुणे या सगळ्यांचा रोजचा मारा असतो. ते घेताना बिजागऱ्या आणि कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, प्रचलित मापांचे आहेत का, हे पाहावे. सिलिंडरचे माप मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात, ते दोन्ही आकडे दार बसवतानाच लिहून ठेवावेत. एक जादा सिलिंडर, रबरी पट्टीचा दोन-तीन मीटरचा तुकडा, त्याच रंगाची छोटी डबी आणि ॲलन की, एवढे दार घेतानाच मागून घ्यावे. पाच वर्षांनी तो रंग आणि ती पट्टी निघतच असेल असे नाही, आणि दार दुरुस्त करणारा माणूस येईपर्यंत थांबणे खेड्यात फार लांबते.